माझ्या बापाला दोष म्हणू नका

माझ्या मुलीची वेणी खिडकीच्या गजाला बांधलेली होती.

परकराच्या पांढऱ्या नाड्याने. एक टोक वेणीत गुंतवलेलं, दुसरं गजाला. तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं होतं. मान खाली घातली की वेणीला ओढ बसायची, म्हणून ती मान वर धरून होती. नऊ वर्षांची पोर. बाकीची मुलं सतरंजीवर मांडी घालून गणपतीचं स्तोत्र म्हणत होती. कुणी हसतसुद्धा नव्हतं. म्हणजे त्यांना ते नवीन नव्हतं.

बनारसच्या रामघाटाच्या गल्लीतली माडी. रविवारची सकाळ. मी तनूला घरी न्यायला आले होते आणि हातात भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होते.

वर्ग घेणाऱ्या काकूंनी मला बघितलं. चोरी पकडली गेल्याचं चेहऱ्यावर काही नाही. उलट हसल्या.

"अहो, घाबरू नका. आमच्या पाठशाळेत मुलांची शेंडी अशीच खुंटीला बांधायचे. डुलकी आली की झटका बसतो. ध्यान टिकतं."

"ती झोपली होती का?"

"झोपली नव्हती हो. पण ध्यान कुठे असतं हिचं? सगळा टाइम बाहेर. गच्चीवरचे बंदर बघते, पतंग बघते." मग आवाज खाली आणून, माझ्या भल्याचंच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "आमच्या मुलांना हे रक्तातूनच येतं. तुमच्याकडे पाठांतराची आदत नाही ना. मग बाहेरून लावावी लागते."

तुमच्याकडे. हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. तो ऐकला की माझ्या कानामागे गरम होतं.

आणि मी काय केलं? हात जोडले. म्हटलं, "सॉरी काकू. मी घरी करून घेते."

बँकेत काउंटरमागे बसून दांडगट माणसांना ताठ आवाजात रांगेत उभं करणारी मी. सॉरी म्हणाले. माझ्या पोरीला गुरासारखं बांधलं होतं आणि माफी मी मागितली.

गाठ घट्ट होती. नखांनी सोडवली. तनू रडली नाही. जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "मम्मी, आज मैं बिलकुल नहीं हिली." आणि माझ्याकडे बघत राहिली. शाबासकीची वाट बघत होती.

आम्ही वडार. दगड फोडणारे. माझा बाप मराठवाड्यात खाणीवर होता. घरात आमची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी मी शाळेत शिकले, मार खाऊन शिकले, म्हणून ती मला जास्तच प्रिय. बँकेत लागले, बदली होत होत बनारसला आले. नवराही रेल्वेत, त्याने इथे बदली मागून घेतली. इथे तनू शाळेत हिंदी, खेळायला हिंदी, भांडायला हिंदी. आजीशी फोनवर बोलताना अडखळायला लागली. मला भीती वाटली की मराठी हातची जाईल.

कुणीतरी सांगितलं की रामघाटाला मराठी घरं आहेत, पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेली. तिथे मंडळ आहे, रविवारी मुलांचा वर्ग असतो. गुरुजी एक ओळ म्हणतात, मुलं ती दोनदा म्हणतात, पुन्हा पुढची. याला संथा म्हणतात. वेदपाठशाळेत असंच शिकवतात. गुरुजी नसले की त्यांच्या सौ. घेतात, त्याच या काकू. गणेशोत्सवात मुलं मंडपात उभी राहून स्तोत्र म्हणतात. मला ते फार आवडलं. पहिल्या दिवशी काकूंनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "या ना. आमच्याकडे सगळ्यांना परवानगी आहे." परवानगी आहे, म्हणाल्या. मी तेही गिळलं. मराठीसाठी गिळलं.

तनूचं ध्यान टिकत नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं. पाण्याची बाटली नेली की ती शाळेतच राहणार. एक बूट सापडला की दुसरा शोधायला गेलेली पोर पलंगाखाली मुंग्या बघत बसणार. गणित सुरू करायची आणि अर्ध्यात पेन्सिलीचं टोक चावत कुठेतरी निघून जायची. शरीर तिथेच, पोर नाही. हाक मारली की दचकायची. पण घाटावरची ओली माती आणून दिली की दुपारभर नावा करत बसायची, जेवायला उठायची नाही.

यावरून तर सगळ्यांना फारच बोलायला मिळायचं. "बघा, मनात असलं की बरोबर लक्ष असतं. नुसती ढोंगं." शेजारीण म्हणाली मोबाइल. सासूबाई म्हणाल्या चॉकलेट. शाळेतली मॅडम म्हणाली, "वर्किंग मदर के बच्चों में होता है।" उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी मोबाइल बंद केला, चॉकलेट बंद केलं, बँकेतून धावत घरी यायला लागले. पोर होती तशीच. फक्त आता ती माझ्याकडे भीतभीत बघायची.

आणि गंमत अशी की मंडळाच्या अध्यक्षांचा नातू वर्गात एका जागी बसत नसे. जिन्यात पळायचा, मधेच ओरडायचा, गुरुजींची पळी उचलून वाजवायचा. त्याच्याबद्दल काकू काय म्हणत? "चंचल आहे, पण बुद्धी काय तेज आहे." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तो पळतो म्हणून हुशार. माझी गप्प बसून बाहेर बघते म्हणून रक्तातच नाही.

त्या रविवारनंतर मी तनूला इस्पितळात नेलं. मुलांच्या मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. दारावरची पाटी वाचून नवरा म्हणाला, "इथे कुणी ओळखीचं नाही ना?" मी म्हटलं, "असू दे."

बाईंनी घाई केली नाही. कान तपासायला पाठवलं, डोळे तपासायला पाठवलं. झोप कशी लागते, बाळंतपण कसं झालं, घरात भांडणं होतात का, सगळं विचारलं. शाळेकडूनही तिची माहिती मागवून घेतली. तनूशी एकटीशी बोलल्या. असं दोन-तीनदा झाल्यावर म्हणाल्या की हा अटेन्शन डेफिसिट आहे. लक्ष न टिकण्याचा विकार.

मी लगेच विचारलं, "माझं काय चुकलं?"

त्या हिंदीत म्हणाल्या, आई आली की पहिला प्रश्न हाच असतो. मग समजावून सांगितलं. हिच्याकडे लक्ष नाही असं नाही. लक्ष आहे, पण त्याचा लगाम हातात राहत नाही. आवडीच्या गोष्टीत शिरलं की बाहेर काढता येत नाही, नावडत्या गोष्टीत टिकवता येत नाही. ढोंग नाही ते, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. मेंदूचा जो भाग थांब म्हणतो, आठवण धरून ठेवतो, पुढचं ठरवतो, तो अशा मुलांत जरा उशिरा पिकतो आणि वेगळ्या तऱ्हेने चालतो. मोबाइलने, साखरेने हा विकार होत नाही. आई नोकरीला जाते म्हणून तर नाहीच नाही. मुदतीआधी जन्म, फार कमी वजन, असली कारणं काही मुलांत असतात. पण सगळ्यात जास्त तो घराण्यातून येतो, उंची येते तसा. पळणारी मुलं लवकर ध्यानात येतात. गप्प बसून हरवणाऱ्या मुली कुणाच्याच ध्यानात येत नाहीत. त्यांना नुसतं आळशी म्हणतात, मठ्ठ म्हणतात, आणि त्या मोठ्या होईतो त्यांनाही ते खरं वाटायला लागतं.

"मारल्याने, बांधल्याने सुधारतं का?" मी विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "चष्मे के नंबर वाले बच्चे को मारने से दिखने लगेगा?"

काय करायचं ते सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट सांगा. पुढे बसवा. थोडं काम, मग उठू द्या, मग पुन्हा काम. जमलं की तिथल्या तिथे शाबासकी द्या, संध्याकाळी नको. शाळेला सांगा. त्याने भागलं नाही तर औषध आहे, त्याला घाबरू नका.

निघताना त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी असं होतं?" मी नाही म्हटलं. नवऱ्यानेही नाही म्हटलं.

रिक्षात बसल्यावर मला माझा बाप आठवला, अण्णा.

तंबाखू आणायला जायचा आणि वाटेत कुणाचं तरी बकरीचं पिल्लू पाण्यात अडकलेलं काढत बसायचा. तंबाखू राहायची, पिल्लू घरी यायचं. निम्मा चहा कुठेतरी ठेवून मग तोच शोधत फिरायचा. घण खाणीत विसरून आला म्हणून मुकादमाने माझ्यासमोर त्याला लाथ घातली होती. पण दगडाला कुठे ठोका दिला की तो सरळ चिरतो, हे बघत बसला की त्याला ऊन लागत नसे.

रात्र व्हायच्या आधीच आईला फोन लावला. विचारलं, अण्णा शाळेत गेले होते का?

"गेला व्हता की. तिसरीपत्तुर," आई म्हणाली. "मास्तर फळ्यावर लिहायचा आन् ह्यो भिताडावरची पाल बघायचा. मास्तरनं एक दिस समद्या पोरांम्होरं उभं केलं. म्हनला, ह्याच्या डोस्क्यात दगडं भरल्यात. वडाराचं हाय ना, जा, दगडंच फोड. हाकलून दिलं. दुसऱ्या दिशी ह्याच्या बानं खानीवर नेलं."

"मग?"

"मग काय. समदी येडा म्हनायची, म्हनून म्या बी म्हनायची. त्यो बी म्हनायचा, मी येडाच हाय."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मास्तर मेला. मुकादम मेला. बापही मेला, स्वतःला येडा समजत मेला. त्याला कुणी एकदाही सांगितलं नाही की बाबा, तुझ्या डोक्यात दगड नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी गुरुजींकडे गेले. वाटलं, शिकलेली माणसं आहेत, पिढ्यान्पिढ्या शिकवतात, खरं सांगितलं तर समजून घेतील. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. म्हटलं, तिला पुढे बसवा, मधे उठू द्या, उत्सवात उभी राहायची तिची फार इच्छा आहे.

काकू म्हणाल्या, "पागलांच्या डॉक्टरकडे नेलंत?"

गुरुजींनी त्यांना हाताने थांबवलं. मोठा मृदू माणूस. कधी आवाज चढवत नाही. म्हणाले, "डॉक्टर म्हणतात घराण्यातून येतं. बरोबर आहे. तुमच्या घराण्यात कोण होतं?"

मी बापाचं सांगितलं. सगळं सांगितलं. बकरीचं पिल्लू, घण, शाळा. मन मोकळं केलं.

गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "गेले तेव्हा विधी नीट झाले होते?"

"आमच्या पद्धतीने झाले."

"हं. मग स्पष्टच आहे. पितृदोष आहे. अतृप्त जीव नातीला धरून आहे. त्रिपिंडी श्राद्ध करून घ्या. काशीत आहात, यासारखी जागा नाही. तोवर मुलीला वर्गाला आणू नका, बाकीच्या मुलांना त्रास नको. विधी झाला की उत्सवात उभी करू."

मी हो म्हटलं. डॉक्टरने सगळं समजावून सांगितलेलं असताना हो म्हटलं. कारण तनू रोज विचारायची, "मम्मी, मैं कब जाऊँगी?" आरशासमोर उभी राहून स्तोत्राच्या ओळी म्हणायची, चार म्हणायची, पाचवी हरवायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. वाटलं, एक सकाळ घाटावर बसायचं, पिंड द्यायचे, पोरीला जागा मिळते ना? बापाला दोन घास पोचले तर त्यात वाईट काय? जागेसाठी माणूस काय काय कबूल करतं, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

घाटावर सकाळी ऊन कोवळं होतं. पायऱ्यांवर बोटीवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. बापाला मुलगा नव्हता, म्हणून जावई पुढे. माझा नवरा धोतर नेसून पाटावर बसला. मी मागे. गुरुजींनी तनूला मुद्दाम आणायला लावलं होतं, ती नवऱ्याच्या शेजारी. दर्भ, तीळ, पिंड मांडून झाले. ती तीळ बोटाने एका रेघेत लावत होती. अगदी मन लावून.

गुरुजी संस्कृत थांबवून मराठीत म्हणाले, "आता समजून म्हणा. माझ्या सासऱ्यांच्या जीवाच्या दोषामुळे या कन्येला पीडा आहे, ती दूर होवो."

नवऱ्याने माझ्याकडे वळून बघितलं. मग खाली मान घालून पुटपुटला.

"बाळ, तूही म्हण," गुरुजी तनूला म्हणाले. प्रेमानेच म्हणाले. "पिंडाला नमस्कार कर आणि म्हण, आजोबा, मला सोडा."

तनूने तिळावरचं बोट उचललं. पिंडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मराठीत, न अडखळता, सावकाश विचारलं, "मम्मी, आजोबांनी मला धरलंय? म्हणून मी अशी आहे?"

तिच्या चेहऱ्यावर भीती होती. तिने आजोबांना कधी बघितलं नव्हतं. फक्त फोटो, आणि मी सांगितलेल्या गोष्टी. त्यातला तो बकरीवाला आजोबा तिचा लाडका होता. एका वाक्यात तो भूत झाला.

मी उठले.

"नाही," म्हटलं.

गुरुजी म्हणाले, "बाई, विधीच्या मधे बोलायचं नसतं. उठायचं तर नसतंच."

"ती हे म्हणणार नाही. आम्ही कुणीच म्हणणार नाही."

"अर्धा विधी टाकून गेलात तर जिवाला गती मिळणार नाही. अनर्थ होईल."

माझ्या आत इतक्या वर्षांचं साठलेलं होतं ते सगळं वर आलं. पण आवाज चढला नाही. मलाच नवल वाटलं.

म्हटलं, "गुरुजी, हे माझ्या बापाकडूनच आलंय. डॉक्टरही तेच म्हणाल्या. माझे मोठाले डोळे त्याच्याकडून आले, तसंच हेही आलं. पण तो दोष नाही. तो जिवंत असताना एका मास्तराने त्याच्या डोक्यात दगड आहेत म्हणून सांगितलं, आणि तो बिचारा जन्मभर ते खरं मानत राहिला. आता मेल्यावर तुम्ही त्याला भूत म्हणता. आणि ते त्याच्या नातीच्या तोंडून वदवून घेता. माझ्या बापाला दोष म्हणू नका."

"मी शास्त्र सांगतो."

"तोही शास्त्रच सांगत होता. मास्तरच होता तो."

घाटावरची दोनचार माणसं थांबून बघायला लागली. नवरा अजून पाटावर बसलेला. मला वाटलं, हा आता म्हणेल जाऊ दे, बस खाली. तो नेहमी तेच म्हणतो. पण तो उठला, धोतर सावरलं, तनूला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची घोडी, कडेवर मावत नव्हती. तो तसाच पायऱ्या चढायला लागला.

वर गल्लीत एका दुकानाच्या ओट्यावर बसलो. तनू अजून घाबरलेली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट.

"आजोबांनी तुला धरलेलं नाही."

तिने मान हलवली.

"आजोबा तुझ्यासारखेच होते. त्यांचंही ध्यान पळायचं. तुझ्या मेंदूचा लगाम जरा ढिला आहे. तो कसा धरायचा ते आपण शिकणार आहोत. आजोबांना कुणी शिकवलं नाही."

"उनको भी बाँधते थे?"

"त्यांना हाकलून दिलं."

ती ओट्यावर बोटाने रेघ ओढत बसली. मग म्हणाली, "बुरे लोग थे." मी हो म्हटलं.

उत्सवाच्या आधीचा शेवटचा रविवार. मी तनूला घेऊन माडीवर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. तिला पहिल्या रांगेत बसवलं, अध्यक्षांच्या नातवाशेजारी. मुलं संथा सोडून बघायला लागली. गुरुजी पोथीतून वर बघेनात. काकू उठून माझ्याजवळ आल्या, दबक्या आवाजात म्हणाल्या, "विधी अर्धवट सोडून आलात आणि वर इथे येता? लोक काय म्हणतील?"

"मंडळ मराठी माणसांचं आहे ना? आम्ही मराठी आहोत. ती मधे उठेल, पाणी पिऊन येईल, पुन्हा बसेल. तिला कुणी हात लावायचा नाही. लावलात तर मी पोलिसात जाईन, आणि ही धमकी नाही, मी जाईनच."

काकूंचा चेहरा लाल झाला. पण बाई हुशार. शेवटचं हत्यार काढलं. तेच हत्यार, ज्याने मी एरवी लगेच गप्प झाले असते.

"आमचं सोडा हो. पोरीचा तरी विचार करा. भर मंडपात, एवढ्या माणसांसमोर, मधेच विसरली तर? हसं कुणाचं होईल?"

मी म्हटलं, "विसरेल. काकू, ती नक्की विसरेल. ती थांबेल, इकडेतिकडे बघेल, मग तिला पुढची ओळ आठवेल. तेवढा वेळ तुम्ही सगळ्यांनी शांत बसायचं. तुम्हाला तर ध्यान धरून बसायची पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे."

मी भिंतीला टेकून खाली बसले. वर्ग संपेपर्यंत उठले नाही. उत्सवात मंडपात पहिल्या रांगेत बसणार आहे. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी इथे बसणार आहे.